लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि ‘फाउंटनहेड’ वाचणारे आपण

स्टार्टअपच्या जगात एक पुस्तक हमखास कुणाच्या तरी टेबलावर दिसतं. आयन रँडचं ‘द फाउंटनहेड’. उबरच्या ट्रॅव्हिस कलॅनिकने एकेकाळी ट्विटरवर स्वतःच्या फोटोऐवजी या पुस्तकाचं मुखपृष्ठ लावलं होतं. विकिपीडिया सुरू करणारे जिमी वेल्सही रँडच्या विचारांचे चाहते. आमच्या ठाण्यातही वेगळं चित्र नाही. वर्तकनगरहून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत वागळे इस्टेट येतं. तिथे पूर्वी कारखान्यांचे भोंगे वाजायचे, आता काचेच्या ऑफिसांमध्ये आमच्यासारखे लोक कोड लिहितात. नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी करायच्या बेतात असलेल्या निम्म्या पोरांनी रँड वाचलेली असते, निदान वाचल्यासारखं बोलतात तरी. मुग्धा कर्णिक यांनी ‘द फाउंटनहेड’ आणि ‘अ‍ॅटलास श्रग्ड’ ही दोन्ही जाडजूड पुस्तकं मराठीत आणली आहेत, त्यामुळे आता इंग्रजीची अडचणही उरलेली नाही.

रँडचा नायक कसा असतो, तर एकटा. हॉवर्ड रोर्क हा आर्किटेक्ट कॉलेजातून काढला जातो, कुणाची मर्जी सांभाळत नाही आणि आपल्या डिझाइनमध्ये इतरांनी बदल केले म्हणून बांधलेली वसाहत सुरुंग लावून उडवतो. ‘अ‍ॅटलास श्रग्ड’मधला हँक रिअर्डन दहा वर्षं खपून नवा धातू शोधतो आणि सरकार तो त्याच्याकडून हिसकावून घेतं. शेवटी सगळे कर्तबगार लोक जगाला रामराम ठोकून डोंगरातल्या एका गुप्त दरीत राहायला जातात. तिथे फुकट कुणी कुणाला काही देत नाही.

हे वाचताना मला दरवेळी आपल्याकडचा एक माणूस आठवतो. त्यानेही धातूचं काम केलं, नोकरीत डावललं गेल्यावर राजीनामा दिला आणि ओसाड माळावर स्वतःचं गाव वसवलं. फरक इतकाच, की तो खरा होता. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. त्यांचं आयुष्य रँडच्या कादंबरीशेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे, कारण ते काही ठिकाणी अगदी तंतोतंत जुळतं आणि काही ठिकाणी अजिबात जुळत नाही.

जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत लक्ष नव्हतं. चित्रं काढायची आणि यंत्रं उघडून बघायची, हे दोनच नाद. १८८५ मध्ये मोठे भाऊ रामूअण्णांनी पैसे दिले म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. रंगांधळा चित्रकार! कुणीही गावी परत गेला असता. लक्ष्मणराव यांत्रिक रेखाटनाकडे वळले. तिथे रंग लागत नाहीत, रेघ अचूक लागते. त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना शिकवायची नोकरी लागली. संस्था तेव्हा भायखळ्यात होती. शिकवून उरलेला वेळ ते वर्कशॉपमध्ये घालवायचे आणि यंत्रांवर हात बसवायचे.

आजच्या भाषेत ज्याला साइड प्रोजेक्ट म्हणतात, तेही चालू होतं. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्करांचं सायकलचं दुकान निघालं. लक्ष्मणराव मुंबईत सायकल घेऊन पाठवायचे, भाऊ गावी विकायचा. सायकल तेव्हा श्रीमंतांची चैन होती, आणि ती चालवायला शिकवण्याचे पैसे वेगळे! म्हणजे प्रॉडक्ट आणि ट्रेनिंग, दोन्हींतून कमाई.

मग बढतीची वेळ आली. लायकी लक्ष्मणरावांची होती, जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. रँडच्या वाचकाला इथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतील, आणि वाजवायला हरकत नाही. मीही मनात वाजवल्या होत्या.

बेळगावात त्यांनी आधी कडबाकुट्टीचं यंत्र बनवलं आणि मग लोखंडी नांगर. या नांगराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपली साइट तंत्रज्ञानाची आहे आणि खरी गोम तिथेच आहे.

जुना लाकडी नांगर म्हणजे मुळात एक पाचर. ती जमीन चिरते, भुसभुशीत करते, पण माती उलटत नाही. त्यामुळे हराळी आणि कुंद्यासारखं तण मुळासकट तिथेच राहतं आणि पहिल्या पावसात पुन्हा वर येतं. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पंख असतो. फाळ मातीचा पट्टा कापतो, पंख तो उचलून पालथा करतो. तणाची मुळं उघडी पडून उन्हात वाळतात. साधी भूमिती आहे, पण पंखाचा बाक चुकला की माती चिकटते आणि बैलांचा जीव जातो.

दुसरा प्रश्न फाळाचा. ओतीव लोखंड सावकाश थंड झालं की त्यातला कार्बन ग्रॅफाइटच्या रूपात वेगळा होतो आणि लोखंड तुलनेने मऊ राहतं. झटकन थंड केलं तर तो लोखंडाशी जखडलेलाच राहतो. असं लोखंड फार कठीण होतं, पण ठिसूळही. मऊ फाळ चार दिवसांत झिजतो, ठिसूळ फाळ पहिल्या दगडावर तुटतो. म्हणून असे फाळ बोल्टने लावतात, गरज पडली की बदलता यावेत म्हणून. याचा अर्थ नांगर विकून काम संपत नाही. सुटे भाग वर्षानुवर्षं पुरवावे लागतात. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको.

आणि हा शोध लक्ष्मणरावांचा नव्हता. इंग्लंड-अमेरिकेत असे नांगर आधीपासून वापरात होते. रिअर्डनसारखा नवा धातू वगैरे काही नाही. दुसरीकडे सिद्ध झालेली गोष्ट इथल्या मातीला, इथल्या बैलांना आणि इथल्या खिशाला परवडेल अशी बनवायची, हे त्यांचं काम. मला विचाराल तर हे काम शोध लावण्याइतकंच कठीण आहे, फक्त कादंबरीत शोभून दिसत नाही.

नांगर तयार झाला आणि पडून राहिला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. रँडच्या पुस्तकात अशा वेळी नायक लोकांच्या अडाणीपणाकडे पाठ फिरवतो. लक्ष्मणरावांना ती चैन परवडणारी नव्हती. समजूत चुकीची असली तरी शेतकऱ्याची भीती खोटी नव्हती. एक हंगाम गेला तर त्याचं वर्ष जात होतं. लोकांना शेतात नांगर चालवून दाखवणं, वाट बघणं, हाच उपाय होता. हळूहळू नांगर खपू लागला.

जरा बस्तान बसतंय तोवर बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितलं. कारखाना होता तिथे नवी वस्ती व्हायची होती. रँडचे वडील सेंट पीटर्सबर्गमध्ये औषधांचं दुकान चालवायचे आणि क्रांतीनंतर बोल्शेविकांनी ते जप्त केलं. तिच्या सगळ्या लिखाणात जो सरकारद्वेष आहे, त्याचं मूळ तिथे असावं. लक्ष्मणरावांवर ओढवलेला प्रसंग तेवढा भीषण नव्हता, पण सरकारी कागदाने कारखाना उठवला जाणं म्हणजे काय, हे त्यांनीही अनुभवलं.

इथून गोष्ट वेगळी वळते. त्यांना वाचवलं ते एका राजाने. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपयांचं कर्जही दिलं. माळावर निवडुंग आणि साप यांचं राज्य होतं. मार्च १९१० मध्ये किर्लोस्कर मंडळी तिथे राहायला गेली. तेव्हा आयन रँड, म्हणजे अलिसा रोझेनबाउम, रशियात पाच वर्षांची होती. गुप्त दरीची कल्पना तिला सुचायला अजून बराच अवकाश होता.

किर्लोस्करवाडी खरोखर त्या दरीसारखी आहे आणि नाहीही. आधी माणसं बघा. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहिली. शंभूराव जांभेकर यंत्रं सांभाळत. मंगेशराव रेगे हिशेब बघत. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करत. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण इंजिनिअर म्हणून काम करत. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे वाडीचे विश्वासू रखवालदार. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी राखणीच्या कामावर ठेवलं. वाडीत अस्पृश्यता पाळायला मनाई होती.

रँडच्या दरीत प्रवेश मिळतो तो आधीच कर्तृत्व सिद्ध केलेल्यांना. किर्लोस्करवाडीच्या फाटकातून आत आलेल्या अनेकांना बाहेर कुणी दारातही उभं केलं नसतं. पण हेही खरं, की जात आणि पूर्वेतिहास न बघता समोरच्या माणसाला एक स्वतंत्र माणूस म्हणून जोखणं हीच व्यक्तिवादाची सगळ्यांत चांगली बाजू आहे, आणि १९१० च्या महाराष्ट्रात ती पुस्तकात नाही, एका कारखान्यात दिसत होती.

पुढचा काळ भराभर सांगतो. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. १९२६ च्या सुमारास पाण्याचा सेंट्रिफ्यूगल पंप बनला. त्याच वर्षी मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून पदवीधर झाला आणि त्याच वर्षी रँड रशिया सोडून अमेरिकेत पोहोचली. तीन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला तारखा जुळवायची खोड आहे.

१९२० मध्येच आणखी एक गोष्ट झाली. लक्ष्मणरावांचे पुतणे शं. वा. किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. मुळात कारखान्याचं पत्रक. त्याचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, जोडीला ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. उद्योग करा, डोळे उघडे ठेवून विचार करा, हा या मासिकांचा सूर. त्यात कथा असायच्या, सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख आले. ‘फाउंटनहेड’ १९४३ मध्ये निघालं. त्याच्या कितीतरी आधी मराठी घरांत स्वतःच्या पायावर उभं राहण्याची ओढ लावणारं वाचन एका नांगराच्या कारखान्यातून येत होतं. आजच्या कंपन्या कंटेंट मार्केटिंगवर एवढा खर्च करतात, त्यांनी हे प्रकरण एकदा अभ्यासावं.

मग १९४८. गांधीजींच्या खुनानंतर ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले, त्यात किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. ज्या वाडीने जात बाजूला ठेवून माणसं जोडली, तिला जातीवरून शिक्षा झाली. माणसाला गटाचा तुकडा समजण्यातून काय होतं, हे रँड आयुष्यभर सांगत राहिली. तिच्या बऱ्याच गोष्टी मला पटत नाहीत, ही पटते. कारखाना पुन्हा उभा राहिला. पण तो एका माणसाच्या जिद्दीने उभा राहिला असं म्हणणं म्हणजे ज्या हातांनी यंत्रं पुन्हा बसवली त्यांच्यावर अन्याय होईल.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला पुण्यात वारले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘अ‍ॅटलास श्रग्ड’ प्रकाशित झालं, ज्यात कर्तबगार माणसं जगाकडे पाठ फिरवतात. इकडे मुलगा शंतनुराव तोवर पुण्यात डिझेल इंजिनं बनवत होता आणि कुंडल रोड स्टेशनवर किर्लोस्करवाडी हे नाव लागलं होतं. पुण्याहून मिरजेकडे रेल्वेने गेलात तर ती पाटी अजून दिसते, आणि स्टेशनजवळच्या कारखान्यात अजून पंप बनतात.