सायकलवरचा वायरमन

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘मायको सर्कल’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. सातपूरच्या कारखान्यामुळे हे नाव शहराच्या तोंडी बसले. त्या मायको कंपनीचे नाव २००८ साली ‘बॉश’ झाले. बॉश म्हणजे कुठलीशी मोठी जर्मन कंपनी, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण ते एका माणसाचे आडनाव आहे, आणि उमेदीची दहा-अकरा वर्षे हा माणूस स्टुटगार्ट शहरात तारा ओढत, घंटा बसवत, आसपासच्या कारखानदारांची विजेची किरकोळ कामे करत हिंडत होता, हे फारसे कुणाला माहीत नसते. मला त्याच्या आयुष्यातली तीच वर्षे जवळची वाटतात. बँकेत लघुउद्योगांची कर्जप्रकरणे हाताळताना अशी माणसे टेबलासमोर बसलेली मी पुष्कळ पाहिली, त्यामुळेही असेल.

रॉबर्ट बॉशचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ चा, उल्म शहराजवळच्या आल्बेक गावातला. बारा भावंडांत हा अकरावा. वडिलांची शेती आणि वाटसरूंसाठी खाणावळ. घर खाऊनपिऊन सुखी. रॉबर्टला उल्ममधल्या एका कारागिराच्या हाताखाली बारीक यंत्रकाम शिकायला ठेवले. मालकाचे शिकवण्याकडे लक्षच नव्हते आणि ही बोच त्याच्या मनात कायम राहिली. पुढे १९१३ साली त्याने स्वतःच्या कारखान्यात उमेदवारांसाठी वेगळा विभाग काढला, तेव्हा हे जुने दिवस त्याला आठवले असणारच.

उमेदवारी संपल्यावर त्याने बऱ्याच गावांचे पाणी प्यायले. मध्येच स्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयात सहाएक महिने बसून विजेचे शास्त्र समजून घेतले. १८८४ साली अमेरिका गाठून एडिसनच्या कारखान्यात काम केले, पुढच्या वर्षी इंग्लंडला सीमेन्सकडे. वीज तेव्हा नवी नवलाई होती. शिकलेला कारागीर कुठेही चिकटला असता. पण याला कुणाच्या हाताखाली राहायचे नव्हते. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी, पंचविसाव्या वर्षी, त्याने स्टुटगार्टमध्ये एका इमारतीच्या मागच्या बाजूला आपले वर्कशॉप थाटले. वडिलोपार्जित मिळकतीतले दहा हजार मार्क हे भांडवल. एक कारागीर आणि एक पोऱ्या एवढीच माणसे.

कामे तरी कसली? कुणाकडे विजेची घंटा, कुणाकडे टेलिफोन. इमारतीवर वीज पडू नये म्हणून लावायच्या सळया. टाकीतले पाणी किती उरले ते दुरून दाखवणारे यंत्र. टाइपरायटरची दुरुस्तीसुद्धा. मिळेल ते घ्यायचे. आज काम, उद्या नाही. १८८७ साली लग्न झाले, पाठोपाठ मुले झाली. प्रत्येक काम स्वतः जाऊन तपासण्याचा त्याचा हट्ट होता, म्हणून १८९० साली त्याने सायकल घेतली. तेव्हा सायकल ही चैनीची चीज. धंदा तोट्यात असताना मालक सायकलवर फिरतो, हे पाहून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील. पण तारेचा एखादा जोड ढिला राहिला तर गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे करणार नाही, हे तो ओळखून होता.

१८९१-९२ च्या सुमारास मंदीने त्याला गाठले. बहुतेक कामगार कमी करावे लागले, घरच्यांकडे आणि स्नेह्यांकडे हात पसरावे लागले. खरे सांगतो, त्या वर्षी त्याचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो परत पाठवला असता. तारण नाही, नियमित मागणी नाही, नफ्याचा पत्ता नाही आणि वर मालाच्या दर्जाबद्दल अवाजवी आग्रह. आमच्या छापील फॉर्मात त्या आग्रहासाठी रकानाच नव्हता.

याच किरकोळ कामांत पुढच्या भाग्याचे बी होते. १८८७ साली एका यंत्र बनवणाऱ्याने त्याला विचारले, इंजिनासाठी मॅग्नेटो करून द्याल का? छोट्या कारखान्यांत तेव्हा गॅसवर आणि पेट्रोलवर चालणारी बैठी इंजिने येऊ लागली होती. आतले मिश्रण पेटवायला नेमक्या क्षणी ठिणगी लागते. मॅग्नेटोत लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये तारेचे वेटोळे झटक्याने हलवतात, त्यातून वीज निर्माण होते. बॅटरी लागत नाही. डॉइट्झच्या कंपनीचे असे एक यंत्र शोर्नडॉर्फ गावात आहे असे कळल्यावर बॉश तिथे जाऊन ते निरखून आला. त्यावर पेटंट आहे का, याची कंपनीकडे चौकशीही केली. मग आपल्या हाताने त्याची सुधारलेली आवृत्ती बनवली. शोध त्याचा नव्हता. गिऱ्हाइकाची अडचण ऐकून घेणे आणि दगा न देणारी वस्तू हातात ठेवणे, हे मात्र त्याचे.

१८९५ साली स्टुटगार्टला शहराचे वीजकेंद्र सुरू झाले, दिव्यांच्या जोडण्यांची कामे आली आणि गाडे जरा रुळावर आले. १८९७ मध्ये एक फ्रेंच बनावटीची तीनचाकी मोटार त्याच्याकडे आणली गेली. तिचे इंजिन बैठ्या इंजिनापेक्षा कितीतरी वेगाने फिरे, जुना मॅग्नेटो त्याला पुरा पडेना. त्याचा फोरमन आर्नोल्ड झेरिंगर याने तोड काढली: जड वेटोळे स्थिर ठेवायचे आणि त्याभोवती एक हलके नळकांडे हलवायचे. १९०२ साली गोटलोब होनोल्ड या सहकाऱ्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग सिद्ध केला, आणि मोटारींच्या जगात बॉशचे नाव झाले.

पुढची कहाणी यशाची आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९०६ साली त्याने कामाचे आठ तास केले; इतर कारखानदार त्याला ‘लाल बॉश’ म्हणू लागले. तरीही १९१३ साली त्याच्याच कारखान्यात संप झाला आणि तो मनातून दुखावला. जमिनीवर पडलेली टाचणी उचलून, हे माझे पैसे पडलेत, असे कामगाराला सुनावल्याची गोष्ट त्याच्याविषयी सांगतात. १९२१ साली तरुण मुलगा आजारपणात गेला.

शेवटची वर्षे हिटलरच्या राजवटीत गेली. बॉशला ती मान्य नव्हती. राजवटीचा विरोधक कार्ल गोर्डेलर याला १९३७ पासून कंपनीने सल्लागार म्हणून आसरा दिला, छळ होणाऱ्या ज्यूंना मदत केली. पण त्याच कंपनीच्या कारखान्यांत युद्धसामग्री तयार होत होती आणि वेठीला धरून आणलेली माणसे राबत होती, हेही खरे आहे. हे दोन्ही एकाच वहीत लिहिलेले आहे, त्यांची वजाबाकी करता येत नाही.

१२ मार्च १९४२ रोजी तो गेला. ज्या राजवटीचा त्याला तिटकारा होता, तिनेच त्याची सरकारी इतमामाने अंत्ययात्रा काढली. १९६४ साली कंपनीचे बहुतेक भागभांडवल त्याच्या नावाच्या लोकोपयोगी संस्थेकडे गेले. १९४० साली त्याने स्टुटगार्टमध्ये उघडलेले रुग्णालय आज त्या संस्थेच्या आधाराने चालते.