दिवंगत मित्रांची स्वर-समाधि
(मोरीस राव्हेल, १८७५–१९३७)

गेलेल्या माणसाची आठवण राहावी म्हणून आपल्याकडे कोणी वृंदावन बांधतो, कोणी नदीकांठीं छत्री उभारतो, कोणी वाटेवर पाणपोई घालतो. फ्रान्स देशांतील संगीतकारांत सतराव्या शतकांत एक निराळी चाल होती. गुरु किंवा स्नेही वारला म्हणजे मागें राहिलेला वादक त्याच्या नांवानें वाद्यावर वाजविण्याजोगी एक रचना करी आणि तिला 'तोंबो', म्हणजे समाधि, असें म्हणे. ही समाधि दगडचुन्याची नव्हे. वाजवावी तेव्हां ती उभी राहावयाची, आणि वादन थांबलें कीं दिसेनाशी व्हावयाची. पुढें ही चाल बहुतेक मागें पडली. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत ज्या ठेंगण्या, सडपातळ माणसानें तिला पुन्हां जीव दिला, त्याला खरें पाहतां त्या वेळीं विमान उडवावयाचें होतें. त्याचें नांव मोरीस राव्हेल.

राव्हेलचा जन्म ७ मार्च १८७५ रोजीं फ्रान्सच्या नैऋत्य टोंकास, स्पेनच्या हद्दीलगत, सिबूर या समुद्रकांठच्या गांवीं झाला. आई बास्क लोकांपैकीं. बाप मूळचा स्वित्झर्लंडचा, धंद्यानें एंजिनियर आणि हाडाचा शोधक. खनिज तेलावर तापणाऱ्या वाफेच्या यंत्राचा शोध त्यानें १८६८ सालींच नोंदविला होता. पुढें मोटारीस हवेंत कोलांटी मारावयास लावणारें सर्कशीचें एक भयंकर यंत्रहि त्याच्या डोक्यांतून निघालें. मोरीस तीन महिन्यांचा असतांना हें कुटुंब पॅरिसला येऊन राहिलें. बापाला यंत्रांइतकेंच संगीताचेंहि वेड होतें. मोरीस आणि धाकटा एदुआर या दोघांस तो कारखाने दाखवावयास नेई. एदुआर बापाप्रमाणें एंजिनियर झाला, मोरीस पियानोकडे वळला; परंतु कारखान्यांतील चाकांचा, पट्ट्यांचा आणि भोंग्यांचा आवाज त्याच्या कानांतून कधीं गेला नाहीं.

वयाच्या चवदाव्या वर्षीं, १८८९ सालीं, तो पॅरिसच्या सरकारी संगीतशाळेंत दाखल झाला. तरुण रचनाकारांसाठीं त्या देशांत 'रोमचें पारितोषिक' म्हणून एक मोठें बक्षीस असे. त्यासाठीं राव्हेल पांच वेळां बसला आणि एकदांहि पहिला आला नाहीं. १९०५ सालीं, त्याचें नांव सर्वत्र झालेलें असतांना, त्याला पहिल्याच फेरींत वगळण्यांत आलें. अंतिम फेरीस पोंचलेले सारे उमेदवार परीक्षकांपैकीं एकाच गुरूचे शिष्य होते, हें उघड होतांच वर्तमानपत्रांनीं मोठा गिल्ला केला, आणि संस्थेचे मुख्याधिकारी लवकरच पायउतार झाले. (परीक्षेंत नापास होणाऱ्या आमच्या बांधवांनीं यावरून भलताच धीर घेऊं नये; राव्हेलचा अभ्यास दांडगा होता.)

स्वभावानें तो मितभाषी, पोषाखांत अत्यंत टापटिपीचा. उंची जेमतेम सव्वापांच फूट. त्यानें लग्न केलें नाहीं. आई आणि मित्र हाच त्याचा संसार. त्याच्या उमेदीच्या वर्षांत माणूस आकाशांत उडूं लागला होता. १९०८ सालीं विल्बर राइट यानें फ्रान्समध्यें येऊन आपलें विमान उडवून दाखविलें; १९०९ च्या जुलैंत ब्लेरियो इंग्लंडची खाडी ओलांडून गेला. यंत्राच्या खोलींत वाढलेल्या राव्हेलला या नव्या विद्येची भुरळ पडली यांत नवल नाहीं.

१९१४ च्या उन्हाळ्यांत तो जन्मगांवाशेजारच्या सां-झां-द-ल्यूझ येथें पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांसाठीं एक रचना लिहीत होता. ऑगस्टांत युद्ध पेटलें. हातांतील काम कसेंबसें पुरें करून हा एकोणचाळीस वर्षांचा गृहस्थ सैन्यांत नांव नोंदवावयास गेला. पण ठराविक वजनाला तो दोन किलो कमी भरला आणि परत पाठविला गेला. त्यानें कांहीं काळ गांवांत आणलेल्या जखमी शिपायांची शुश्रूषा केली. मग त्याच्या मनांत आलें कीं, ठेंगणा आणि हलका मनुष्य पायदळास नकोसा असला तरी विमानास तर तोच हवा! त्यानें वैमानिक होण्यासाठीं खटपट सुरू केली. पॉल पेनलव्हे या गणिती व राजकारणी गृहस्थाकडेहि त्यानें रदबदली केली. हा पेनलव्हे स्वतः १९०८ सालीं राइटच्या विमानांतून फिरून आलेला होता. पण इतकें करूनहि काम झालें नाहीं. मार्च १९१५ मध्यें राव्हेलला तोफखान्यांत जागा मिळाली ती मालमोटार हांकणाराची.

१९१६ च्या मार्चमध्यें त्याची रवानगी व्हर्डूनच्या आघाडीकडे झाली. तेथें तोफांच्या भडिमारांतून, बहुधा रात्रीं, सामान वाहून न्यावयाचें. आपल्या मोटारीचें नांव त्यानें 'आदेलायीद' ठेविलें होतें. त्याच्या संगीतावर नाचल्या गेलेल्या एका नृत्यनाट्याचें तें नांव. एकदां ही आदेलायीद रानांत मोडून पडली, आणि रॉबिन्सन क्रूसोप्रमाणें राव्हेलला कित्येक दिवस तिच्यासह तेथें एकटें राहावें लागलें. परंतु तोफांपेक्षां त्याला अधिक भ्यावविलें तें व्हर्डून शहरानें. भर उन्हांत, स्वच्छ आकाशाखालीं, सारें शहर ओसाड आणि निःशब्द पडलेलें त्यानें पाहिलें. ज्याचें आयुष्य कानांवर चाललेलें, त्याला ती शांतता सर्वांत भयानक वाटली. इकडे विमानाचा ध्यास सुटला नव्हता. त्याच वर्षीं झालेल्या वैद्यकीय तपासणींत त्याचें हृदय प्रमाणाबाहेर मोठें झाल्याचें आढळलें, आणि तो दरवाजा कायमचा बंद झाला.

याच सुमारास पॅरिसमधील कांहीं प्रतिष्ठित संगीतज्ञांनीं फ्रेंच संगीताच्या रक्षणार्थ एक संघ काढला. जर्मन आणि ऑस्ट्रियन रचनाकारांचें अलीकडील संगीत देशांत वाजूं देऊं नये, हा त्यांचा आग्रह. आघाडीवरच्या या मोटारहांक्याकडेहि सहीसाठीं कागद आला. राव्हेलनें सविनय पण स्पष्ट नकार दिला. परक्या देशांतील समकालीनांचें काम ऐकावयाचेंच नाहीं असें ठरविलें, तर आपलेंच संगीत ठराविक चाकोरींत अडकून वाळून जाईल, असें त्याचें म्हणणें होतें. त्यानें शोनबर्गचें नांव घेऊन त्याची थोरवी मान्य केली. शोनबर्ग शत्रूच्या देशाचा होता, आणि राव्हेलचे स्वतःचे मित्र त्या वेळीं त्या शत्रूच्या गोळ्यांनीं मरत होते. घरीं खुर्चींत बसून देशाभिमान सांगणाऱ्यांच्या पत्रास खंदकाकडून असें उत्तर जावें, ही गोष्ट मला त्याच्या कोणत्याहि रचनेइतकीच मोलाची वाटते.

१९१६ च्या शेवटीं शेवटीं अतिसारानें तो खंगला, शस्त्रक्रियाहि झाली. ५ जानेवारी १९१७ रोजीं त्याची आई वारली. या आघातांतून तो पुरता कधींच सांवरला नाहीं असें त्याचे जिवलग सांगत. त्या वर्षीं सैन्यांतून मोकळीक मिळाल्यावर तो नॉर्मंडींतील लियोन्स-ला-फोरे या गांवीं द्रेफ्यूस नांवाच्या स्नेही कुटुंबाकडे विश्रांतीस गेला. तेथें त्यानें १९१४ सालीं आरंभिलेली पियानोची एक रचनामाला हातीं घेतली. मूळ कल्पना एवढीच होती कीं, अठराव्या शतकांतील कूपरँ (१६६८–१७३३) आणि त्याच्या काळचें फ्रेंच संगीत यांस मुजरा करावा. परंतु तीन वर्षांत इतके मित्र गेले कीं, ती त्यांचीच समाधि झाली. 'ल तोंबो द कूपरँ' हें तिचें नांव. तिचे भाग सहा, आणि प्रत्येक भागावर युद्धांत पडलेल्या मित्राचें नांव.

पहिला भाग लेफ्टनंट झाक शार्लो याचा. राव्हेलनें मुलांसाठीं चार हातांनीं वाजविण्याकरितां लिहिलेल्या परीकथा यानेंच १९१० सालीं एका वादकास वाजवितां येतील अशा उतरून दिल्या होत्या. दुसरा झां क्रुपीचा. याच्या आईनें राव्हेलचें पहिलें संगीतनाटक रंगभूमीवर यावें म्हणून फार खटपट केली होती, व तें त्यानें तिलाच अर्पण केलें होतें. त्या मातेस आतां मुलाच्या नांवाचा हा दुसरा कागद मिळाला. तिसरा गाब्रियेल देल्यूक या बास्क चित्रकाराचा. चौथा पियेर आणि पास्काल गोदँ या भावांचा. सां-झां-द-ल्यूझ येथील हे त्याचे लहानपणचे सोबती. १९१४ च्या नोव्हेंबरांत एकाच तोफगोळ्यानें दोघे एकदम गेले. पांचवा झां द्रेफ्यूसचा, म्हणजे ज्या घरीं बसून राव्हेल हें लिहीत होता त्याच घरच्या तरुणाचा. सहावा कॅप्टन जोसेफ द मार्लियाव्ह याचा. हा संगीताचा मोठा जाणकार. युद्धाच्या पहिल्याच महिन्यांत तो पडला, आणि बीथोव्हेनच्या चतुष्कांवरील त्याचा ग्रंथ त्याच्या मागें १९२५ सालीं प्रसिद्ध झाला.

आतां हें संगीत प्रथमच ऐकणारा मनुष्य चकित होतो, कारण त्यांत आक्रोश नाहीं. दफनाचें गंभीर कूच नाहीं कीं घंटानाद नाहीं. सहांपैकीं तीन तर जुनीं नृत्येंच आहेत. गोदँ बंधूंचा भाग म्हणजे 'रिगोदों' नांवाचा दणदणीत उड्यांचा नाच. समुद्रकांठीं दोन मुलें ओरडत धांवत सुटावीं तसा. मध्येंच तो एकदां थबकतो, आणि गिटारीसारख्या हलक्या साथीवर एक उदास सूर कोठून तरी दूरून ऐकूं येतो. मग पुन्हां धिंगाणा सुरू. द्रेफ्यूसच्या 'मेन्यूए' नृत्याच्या मध्यभागीं एक धून हळूहळू चढत जाते आणि क्षणभर दुःखाचा आवाज खरोखरच मोठा होतो. परंतु लगेच पहिली नाजूक चाल तिच्याच अंगावरून परत येते. फक्त एवढ्या फटींतून आंतलें दिसतें. कित्येकांस त्या वेळीं हा हलकेपणा खटकला. मला वाटतें, राव्हेलला मित्रांचें मरण लिहावयाचें नव्हतें. मरण त्यानें व्हर्डूनला पोटभर पाहिलें होतें. त्याला ते मित्र जसे होते तसे लिहावयाचे होते.

शेवटचा भाग 'तोकाता'. येथें मात्र यंत्रशाळेंत वाढलेला मुलगा ओळखूं येतो. एकच सूर दोन्ही हातांनीं आळीपाळीनें इतक्या जलद ठोकावयाचा कीं एंजिन चालू झाल्याचा भास व्हावा. तो वेग शेवटपर्यंत थांबत नाहीं. आरंभ खिन्न स्वरावलींत, आणि शेवट त्याच षड्जावरच्या उजळ स्वरावलींत. ज्याला आकाशांत जातां आलें नाहीं त्यानें येथें पियानोलाच जमिनीवरून उचललें आहे, असें कोणी म्हटलें तर मी आड येणार नाहीं.

हस्तलिखित १९१७ सालीं पुरें झालें. छापील प्रतीच्या मुखपृष्ठावर राव्हेलनें स्वतःच्या हातानें एक रक्षाकलश काढला. ११ एप्रिल १९१९ रोजीं पॅरिसच्या गावो सभागृहांत ही रचना प्रथम वाजविली ती मार्गरीत लाँ या विख्यात वादिकेनें. ती कॅप्टन मार्लियाव्हची विधवा पत्नी. पतीच्या नांवाचा भाग सर्वांत शेवटीं, आणि सहांत सर्वांत अवघड. तो तिनें त्या रात्रीं भरल्या सभेंत वाजविला. श्रोत्यांनीं सबंध माला पुन्हां वाजवावयास लाविली. पुढें १९१९ मध्येंच राव्हेलनें तिच्यांतील चार भाग वाद्यवृंदासाठीं लिहिले.

त्याचें नंतरचें आयुष्य कीर्तीचें होतें, आणि तें पुष्कळांस ठाऊक आहे. १९२० सालीं सरकारनें देऊं केलेला सन्मान त्यानें नाकारला. १९२१ मध्यें त्यानें मोंफोर-लामोरी येथें एक लहानसें घर घेतलें आणि तें चावीच्या खेळण्यांनीं भरलें. त्यांत पंख हालवून गाणारा एक यांत्रिक पक्षीहि होता. १९२८ सालचा 'बोलेरो' जगभर गाजला. परंतु आपल्या विषयास लागून असलेली गोष्ट दुसरीच आहे. पॉल विट्गेनस्टाइन नांवाचा ऑस्ट्रियन पियानोवादक १९१४ सालीं रशियन आघाडीवर आपला उजवा हात गमावून बसला होता. फ्रान्सच्या शत्रूपक्षाचा हा शिपाई. त्याच्या विनंतीवरून राव्हेलनें १९२९-३० मध्यें केवळ डाव्या हातासाठीं पियानो आणि वाद्यवृंद यांची एक रचना लिहिली. डोळे मिटून ऐकणारास दोन हात वाजत नाहींत हें खरें वाटत नाहीं. ५ जानेवारी १९३२ रोजीं ती व्हिएन्नांत प्रथम वाजली. विट्गेनस्टाइननें तींत आपल्या मनानें फेरफार केले, म्हणून राव्हेल रागावला तो भाग वेगळा.

विमानाची ओढहि गेली नव्हती. एका विमानावर वाद्यवृंदाची रचना करण्याचें त्याच्या मनांत होतें. ग्रीक पुराणांत पंख घडविणारा जो डीडलस नांवाचा कारागीर आहे, त्याचेंच नांव तिला द्यावयाचें ठरलें होतें. ती कागदावर आलीच नाहीं. १९३२ च्या ऑक्टोबरांत तो बसला होता त्या टॅक्सीला अपघात झाला, आणि त्यानंतर मेंदूच्या एका आजारानें त्याला हळूहळू घेरलें. सही करणें जड जाऊं लागलें, शब्द आठवेनात, डोक्यांत संगीत स्पष्ट वाजे, पण हात तें उतरूं शकत नसे. जवळजवळ पांच वर्षें हें चाललें. १९३७ च्या डिसेंबरांत डोक्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि २८ तारखेस त्यानें देह ठेविला. पॅरिसलगतच्या लव्हाल्वा-पेरे येथील स्मशानभूमींत, आईबापांशेजारीं, त्याला पुरलें. त्या वेळीं त्याचा भाऊ एदुआर जवळ होता.