शिळेकडून शिशाकडे : मुद्रक गणपत कृष्णाजी

पंचांगाचे पान हाती घेतले की दृष्टी थेट तिथी-मुहूर्तावर जाते. रकान्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण आणि त्यांच्यापुढे घटिका-पळांचे आकडे. त्यातला एक आकडा जरी शेजारच्या ओळीत सरकला तरी सारे गणित फसते. इतका किचकट मजकूर नेमक्या जागी, नेमक्या अक्षरात उतरविण्याचे साधन मुंबईतील एका मराठी माणसाने स्वतःच्या हिकमतीने उभे केले आणि शके १७५३ मध्ये, म्हणजे १८३१ साली, छापील मराठी पंचांग बाजारात आणले. त्याचे नाव गणपत कृष्णाजी.

भंडारी समाजातील या गृहस्थाने मुद्रणविद्या पाहिली ती अमेरिकन मिशनच्या छापखान्यात. १८१६-१७ पासून मिशनऱ्यांनी मुंबईत मराठी छपाई सुरू केली होती. त्यांची पुस्तके अर्थातच ख्रिस्ती धर्माची होती. आपल्याकडील ग्रंथही असे छापता येतील, ही ओढ गणपत कृष्णाजींना तेथे लागली. त्यापूर्वी प्रयत्न झाले नव्हते असे नाही. नाना फडणवीसांच्या काळात गीता छापण्याची योजना आखली गेली होती आणि १८०५ साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर कोरून ती छापलीही गेली. पण प्रत्येक पानासाठी पत्रा कोरणे हे संस्थानिकालाच परवडणारे काम.

दुसरा मार्ग शिशाच्या खिळ्यांचा होता. तोही सामान्य माणसाच्या आवाक्यातला नव्हता. रोमन लिपीचे काम थोड्या खिळ्यांत भागते. देवनागरीला मात्र काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागतात; त्यातल्या प्रत्येकाचा पोलादी ठसा कापावा लागतो, त्यावरून साचा काढावा लागतो आणि मग धातू ओतावा लागतो.

गणपत कृष्णाजींनी निवडले ते सर्वांत साधे साधन, शिळाछाप. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत सेनेफेल्डर याने शोधलेल्या या पद्धतीत कोरणे नाही की ओतणे नाही. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर स्निग्ध शाईने मजकूर उतरवायचा, दगड पाण्याने ओला करायचा आणि त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. ओला दगड शाई धरत नाही, स्निग्ध अक्षरे धरतात. काम संपले की दगड घासून पुन्हा वापरायचा. पोथ्या लिहिणाऱ्या लेखकाचे वळणदार अक्षर, त्याची ओळींची मांडणी, त्याने आखलेले रकाने, सारे जसेच्या तसे कागदावर उमटते. देवनागरी लिहिणारा एक चांगला हात मिळाला की खिळ्यांची अडचणच उरत नाही.

यंत्र विकत आणण्याऐवजी त्यांनी लाकडाचा छापयंत्राचा साचा स्वतः केला, दगडाचे लहान तुकडे जमविले आणि शाईचे प्रयोग करून पाहिले. हात बसल्यावर लोखंडी यंत्र करविले. पण खरी अडचण यंत्राची नव्हती. छापील कागदाला शिवण्याचीच अनेकांना भीती वाटे, हे गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. शाईत चरबी असते हा मुख्य आक्षेप. त्यावर गणपत कृष्णाजींनी धर्मग्रंथांसाठी शाईत तूप वापरल्याचे सांगितले जाते. सुधारणेवर व्याख्यान देण्यापेक्षा शाई बदलणे त्यांना सोपे वाटले असावे. गिऱ्हाईक ओळखणाऱ्याचेच हे लक्षण.

तरीही शिळाछापाला एक मर्यादा होती. दगडावर उतरलेल्या मजकुरात चूक सापडली तर ती खरवडून दुरुस्त करणे जिकिरीचे, आणि एखादी ओळ राहून गेली असेल तर बहुधा पानच नव्याने लिहावे लागे. खिळ्यांच्या जुळणीत चुकीचे अक्षर उपसून दुसरे बसविता येते, कच्चा छाप काढून पुन्हा तपासता येतो. मोठे गद्य ग्रंथ छापायचे तर ही सोय हवीच. म्हणून १८४० च्या सुमारास, शिळाछाप उत्तम चालू असताना, त्यांनी खिळे पाडण्याचे काम आरंभिले. त्यासाठी लागणारी सामग्री त्यांनी पुन्हा स्वतःच तयार केली, लहानमोठ्या आकारांची अक्षरे पाडली आणि १८४३ मध्ये खिळ्यांचा छापखाना सुरू केला. यशस्वी झालेले साधन बाजूला ठेवून अवघड साधनाकडे वळण्याचे हे धाडस पहिल्या पंचांगाइतकेच मोलाचे मानले पाहिजे. त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

शिळा त्यांनी टाकून दिली नाही, हे विशेष. सुट्या आडव्या पानांच्या पोथ्या वाचणाऱ्याला हस्ताक्षराचे वळणच हवे असे. त्या शिळेवर निघत राहिल्या. जो मजकूर वारंवार तपासून दुरुस्त करायचा, त्यासाठी खिळे होते. त्यांच्या छापखान्यातील कामाच्या सुबकतेची त्या काळच्या मुंबईत वाखाणणी होत असे.

१८६० च्या सुमारास गणपत कृष्णाजींचे निधन झाले आणि छापखान्याची धुरा पुत्र कान्होबा यांच्याकडे आली. पुढे १८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना काढला. तेही लहान वयात अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात उमेदवारी करीत मुद्रण शिकले होते आणि त्यांच्या छापखान्यातूनही पंचांग निघू लागले.