दगडाचे वार्धक्य टिपणारा मेजर

अकोटहून उत्तरेस सातपुड्याच्या दिशेने निघाले, की नरनाळ्याचा डोंगरी किल्ला लागतो. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ सालचा, इमादशाहीचा संस्थापक फतेहउल्ला इमादउल्मुल्क याने उभारलेला. ऊन, पाऊस आणि शेवाळ यांनी पाच शतके झिजवूनही त्या दर्शनी भागावरील कोरीव अक्षरे आणि वेलबुट्टी पाहणाऱ्याला थांबवतात. वऱ्हाडात अशा वास्तू पावलोपावली आहेत. कोठे किल्ल्याचा दरवाजा, कोठे शिखर गमावलेले मंदिर, तर कोठे खांबांपुरती उरलेली धर्मशाळा. अशा झिजलेल्या दर्शनी भागांसमोर कॅमेरा मांडणाऱ्या पहिल्या काही माणसांत एक नाव ठळक आहे. ते मेजर रॉबर्ट गिल याचे.

महाराष्ट्राला गिल ठाऊक आहे तो अजिंठ्याचा चित्रकार आणि पारोचा प्रियकर म्हणून. ना. धों. महानोरांच्या दीर्घकाव्यातून आणि २०१२ सालच्या नितीन देसाई यांच्या चित्रपटातून ही कथा घराघरांत पोहोचली. मात्र या कथेच्या झगमगाटात त्याच्या हातातील दुसरे साधन झाकोळून गेले. ज्या कामासाठी त्याने आयुष्य वेचले, ते बहुतांशी जळून खाक झाले. जे काम त्या मानाने दुय्यम होते, ते मागे उरले.

गिलचा जन्म २६ सप्टेंबर १८०४ रोजी लंडन येथे झाला. विशीच्या उंबरठ्यावर असतानाच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाला आणि ४४व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्री या पलटणीत अधिकारी बनला. शिकार आणि चित्रकला हे त्याचे दोन छंद होते. पुढे या दोन्ही छंदांनी त्याला एकाच ठिकाणी आणून सोडले.

वाघोरा नदीच्या नालाकृती कड्यातील लेणी १८१९ साली जॉन स्मिथ या मद्रास सैन्यातीलच अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली होती. निळीच्या व्यापारातून वास्तुकलेच्या अभ्यासाकडे वळलेल्या जेम्स फर्ग्युसन याने १८३९ साली ती पाहिली. धूर, ओल, वटवाघळे आणि भिंतींचे तुकडे काढून नेणारे पर्यटक यांच्यामुळे तेथील चित्रे झपाट्याने नष्ट होत असल्याचे त्याने १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे मांडले. चित्रांच्या प्रती करून घ्याव्यात, असा त्याचा आग्रह होता. कंपनीने तो मानला आणि १८४४ साली या कामासाठी निवड झाली कॅप्टन गिलची.

काम काही वर्षांत उरकेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यात गिलची जवळजवळ दोन दशके गेली. अजिंठा गावातील बारादरीत त्याने मुक्काम ठोकला. लेणी तेथून काही कोसांवर. मुलूख निजामाचा, वस्ती विरळ, रान वाघांचे आणि पावसाळ्यात हिवतापाचे. काळोख्या दालनांत उभे राहून काजळी धरलेल्या भिंतींवरील रेषा शोधायची आणि ती मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत उतरवायची, हा त्याचा नित्यक्रम झाला. याच काळात पारो त्याच्या आयुष्यात आली. २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख अजिंठा गावातील तिच्या थडग्यावर कोरलेली आहे. गिलनेच ते बांधले.

गिलच्या छायाचित्रणाचा आरंभही याच वर्षीचा. त्या वेळी ही कला अवघी सतरा वर्षांची होती. लुई दागेरचा शोध जगासमोर आला १८३९ साली, आणि मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. त्या काळी रूढ असलेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर चिकट द्रावण पसरून ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवावी लागे. काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि लगेच काळोख्या तंबूत नेऊन प्रतिमा उमटवायची. सारे काही मिनिटांत आटोपले नाही, तर काच वाया. जड कॅमेरा, तिकाटणे, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि स्वच्छ पाणी हा सगळा संसार माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून न्यावा लागे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात कोलोडियन पाहता पाहता वाळे, हा आणखी एक जाच.

भिंतींवरील चित्रांपुढे मात्र हा कॅमेरा लंगडा होता. रंग त्याला टिपता येत नव्हते आणि लेण्यांतील अंधार त्याला मानवत नव्हता. म्हणून चित्रांसाठी कुंचलाच हाती राहिला. कॅमेऱ्याच्या वाट्याला आला प्रामुख्याने दगड: चैत्यगृहांच्या दर्शनी कमानी, स्तंभ, मूर्ती आणि कड्याचा विस्तार. येथे हे यंत्र कुंचल्याहून सरस ठरले. चित्रकाराचा हात नकळत तुटलेले जोडतो, पुसटलेले ठळक करतो. काचेवर मात्र खवले उडालेला स्तंभ खवले उडालेलाच उमटतो आणि भेगेतून फुटलेले झुडूपही सुटत नाही.

गिलचा कॅमेरा अजिंठा-वेरूळपुरता थांबला नाही. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता. अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे, आजच्या बुलढाणा जिल्ह्यात उतरून त्याने लोणारची मंदिरे टिपली, मेहकरची जुनी धर्मशाळा टिपली. ही तीर्थयात्रेची, वस्तीची, रोजच्या राबत्याची ठिकाणे होती. त्यांची चित्रे काढून घ्यावीत असे कोणालाही सुचले नव्हते. गिलने त्यांतील कित्येक छायाचित्रे दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्याने घेतली. शेजारी शेजारी छापलेल्या दोन प्रतिमा स्टिरिओस्कोपमधून पाहिल्या, की खांबामागचा खांब वेगळा दिसतो आणि दगडाला खोली येते. लंडनच्या दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला वऱ्हाडातील एखाद्या देवळाच्या ओसरीत उभे असल्याचा भास व्हावा, असे ते तंत्र होते.

१८६४ साली या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनमध्ये निघाली. एका पुस्तकात भारतातील लेण्यांची ७४ छायाचित्रे होती, तर दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू आणि निसर्ग यांची १०० स्टिरिओ छायाचित्रे. विवेचन होते फर्ग्युसनचे. छायाचित्र थेट पुस्तकाच्या कागदावर छापण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून प्रत्येक प्रतीत खरी छायाचित्रे डकवावी लागत. भारतीय वास्तुकलेचा पद्धतशीर इतिहास लिहू पाहणाऱ्या फर्ग्युसनला हा पुरावा मोलाचा होता. प्रवाशाने काढलेल्या रेखाटनावर विसंबण्याऐवजी आता दगड स्वतःच साक्ष देत होता.

दोन वर्षांनी घाला आला. गिलने पाठवलेली चित्रे लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी तेथे आग लागली आणि तिच्यात ती भस्मसात झाली. प्रदर्शनात नसलेली मोजकी चित्रे तेवढी बचावली. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. अजिंठ्याच्या काळोखात घालवलेल्या वर्षांचा हिशेब एका रात्रीत पुसला गेला. गिलचे वय तेव्हा बासष्ट होते. तरीही तो पुन्हा लेण्यांकडे वळला.

पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातील जॉन ग्रिफिथ्स याने आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या प्रती नव्याने करावयास घेतल्या. ते काम १८८५ पर्यंत चालले. त्याच वर्षी लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागून त्यांपैकीही अनेक प्रती जळाल्या. मूळ चित्रे भिंतींवर विरत होती आणि त्यांच्या प्रती सातासमुद्रापार आगीत सापडत होत्या.

गिलची छायाचित्रे या दुर्दैवातून वाचली, त्याचे कारण त्यांच्या जातीतच आहे. तैलचित्र एकच असते. काचेवरून मात्र कागदावर हव्या तितक्या प्रती निघतात, त्या पुस्तकांत जातात आणि पुस्तके निरनिराळ्या ग्रंथालयांत जातात. एक इमारत जळाली म्हणून सगळ्या प्रती जळत नाहीत. आज या वास्तूंच्या जतनाचा विचार करणाऱ्याला दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही छायाचित्रे पुढ्यात ठेवून ताडून पाहता येते, की कोणता दगड तेव्हा जागेवर होता, कोणता आधीच ढळला होता आणि कोणता नंतरच्या डागडुजीत बसवला गेला. या सोयीचे श्रेय गिलला जाते, तसेच काचांच्या पेट्या वाहणाऱ्या, पाणी आणणाऱ्या आणि रानवाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांनाही. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर त्यांची नावे नाहीत.

१८७९ च्या उन्हाळ्यात आजारी गिलला भुसावळकडे नेत असताना १० एप्रिल रोजी वाटेतच त्याचा मृत्यू झाला. भुसावळच्या जुन्या युरोपीय दफनभूमीत त्याचे थडगे आहे. पारोचे अजिंठ्यात, त्याचे भुसावळात. मुंबईहून अकोल्याकडे येणारी आगगाडी भुसावळला थांबते, पण गिलच्या थडग्यासाठी तेथे उतरणारे थोडेच. ज्याने आयुष्यभर झिजलेल्या दगडांची नोंद ठेवली, त्याच्या थडग्याच्या दगडालाही आता ऊन-पावसाशी झगडावे लागते आहे.