हिरव्या समुद्राचं कोडं सोडवणारा व्हेलचा शिकारी : विल्यम स्कोर्सबी

आर्क्टिकमधला बोहेड व्हेल म्हणजे ६० ते ९० टनांचं धूड. पण त्याच्या तोंडात एकही दात नसतो आणि तो खातो काय, तर तांदळाच्या दाण्याएवढे जीव! आज ही माहिती शाळेच्या पुस्तकातही सापडेल. दोनशे वर्षांपूर्वी मात्र ती एका शिकाऱ्याने मेलेल्या व्हेलची पोटं तपासून गोळा केली होती.

विल्यम स्कोर्सबीचा जन्म १७८९ साली इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये, व्हिटबी बंदराजवळ झाला. वडील व्हेलच्या शिकारीतले नावाजलेले कप्तान. दहा वर्षांचा असताना विल्यम पहिल्यांदा त्यांच्यासोबत ग्रीनलंडच्या समुद्रात गेला. १८०६ मध्ये बापलेकांचं 'रिझोल्यूशन' जहाज ८१ अंश उत्तरेच्याही पुढे पोहोचलं. शिकारीचा हंगाम उन्हाळ्याचा, त्यामुळे हिवाळा मोकळा. तो त्याने एडिंबरा विद्यापीठात शिकण्यात घालवला आणि एकविसाव्या वर्षी स्वतः कप्तान झाला.

तेव्हा व्हेलच्या चरबीच्या तेलावर दिवे जळायचे आणि तोंडातल्या लवचीक पट्ट्यांपासून कॉर्सेट आणि छत्र्यांच्या काड्या बनायच्या. या पट्ट्या म्हणजेच बलीन. आपल्या नखांसारख्याच द्रव्याच्या बनलेल्या, आतल्या कडेला केसाळ. वरच्या जबड्यातून दोन्ही बाजूंना अशा तीनशेच्या आसपास पट्ट्या लोंबतात. व्हेल तोंड उघडं ठेवून पोहतो, पाणी बाजूने निघून जातं आणि खाणं केसांत अडकतं. थोडक्यात, चहाची गाळणी, फक्त घराएवढ्या प्राण्याची.

आता प्रश्न समुद्राच्या रंगाचा. ग्रीनलंडच्या समुद्रात काही पट्टे निळे, तर काही गढूळ हिरवे दिसायचे आणि व्हेल हिरव्या पाण्यात जास्त सापडायचे. शिकाऱ्यांना एवढं पुरेसं होतं. स्कोर्सबीने मात्र ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. त्यात सूक्ष्म जीवांची नुसती गर्दी होती! एका घन इंचात ६४ जीव, असा त्याचा हिशेब. लांबी-रुंदीला दोन-दोन मैल आणि २५० फॅदम खोल पाण्यातले असे जीव मोजायचे तर ८० हजार माणसांना सृष्टीच्या आरंभापासून मोजत बसावं लागलं असतं, असं गणित त्याने मांडलं. (सृष्टी सुमारे सहा हजार वर्षांची, हा तेव्हाचा समज.) पुढे कळलं, की हा रंग मुख्यतः डायटम या एकपेशीय शैवालांचा असतो.

त्याने तपासलेल्या व्हेलच्या पोटात कोळंबीसारखे बारके जीव निघाले. मग त्याने दुवे जोडले : पाण्यातले अतिसूक्ष्म जीव, त्यांच्यावर जगणारे थोडे मोठे जीव आणि त्यांच्यावर व्हेल. यातली एक कडी तुटली तर सगळी साखळी संपेल, हेही त्याने लिहून ठेवलं. अन्नसाखळी हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी!

हे सगळं १८२० साली त्याच्या आर्क्टिकवरच्या दोन खंडांच्या ग्रंथात आलं. व्हेल शंभर-दीडशे फुटांचे असतात या गप्पाही त्याने त्यात मोडीत काढल्या. ३२२ व्हेलच्या शिकारीत तो स्वतः होता, पण त्याने मोजलेला सर्वांत मोठा बोहेड ५८ फुटांचा निघाला. म्हणजे साखळीची काळजी करणारा आणि ३२२ व्हेल मारण्यात हात असणारा माणूस एकच. या विसंगतीने त्याची झोप उडाली, असं म्हणायला आधार नाही. तो त्याचा पोटापाण्याचा धंदा होता.

सरकारकडून मात्र उपेक्षाच झाली. आर्क्टिकचा बर्फ कमी झाल्याचं त्याने १८१७ मध्ये जोसेफ बँक्स यांना कळवलं. त्यातून १८१८ च्या सरकारी मोहिमांना चालना मिळाली, पण नेतृत्व नौदलाच्या अधिकाऱ्यांना मिळालं. १८२२ मध्ये शिकार सांभाळूनच त्याने पूर्व ग्रीनलंडच्या शेकडो मैल किनाऱ्याचा नकाशा काढला. लिव्हरपूलला परतल्यावर समजलं, की मागे पत्नी वारली होती.

लवकरच त्याने समुद्र सोडला. १८२५ मध्ये तो धर्मोपदेशक झाला आणि पुढे ब्रॅडफर्डला बदलून गेला. तिथेही चुंबकत्वाचे प्रयोग चालूच! लोखंडी जहाजावर होकायंत्र का चुकतं हे तपासायला १८५६ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, तो थेट ऑस्ट्रेलियाला निघाला. १८५७ मध्ये टॉर्की इथे त्याचं निधन झालं.

ग्रीनलंड आणि स्वालबार्डदरम्यानचे बोहेड शिकारीमुळे जवळपास संपले होते. अलीकडे ते तिथल्या बर्फात पुन्हा दिसू लागले आहेत. बोहेड दोनशेहून अधिक वर्षं जगू शकतो.