नाणी तोलणारा गणिती

सन १९४० च्या सुमारास पुण्यातल्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे एक गणिताचे प्राध्यापक तराजू पुढे घेऊन चलनातली नाणी एकेक करून तोलत होते. एकदोन नव्हे, हजारो. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे नाव.

बौद्ध विद्येचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी यांचे हे चिरंजीव. जन्म गोव्यातला, ३१ जुलै १९०७ चा. हार्वर्डची पदवी १९२९ साली घेतली. मग बनारस, अलीगढ असे करीत ते पुण्याला आले. संख्याशास्त्र नुसते पुस्तकातून शिकणे त्यांना मानवेना. आधी त्यांनी विद्यार्थ्यांचे परीक्षेतले गुण तपासायला घेतले आणि मग तक्षशिलेला सापडलेली आहत नाणी.

आहत नाणी म्हणजे चांदीचे तुकडे, त्यांवर ठशांनी चिन्हे उठवलेली. राजाचे नाव नाही, साल नाही. चिन्हांवरून तर्क लढवणारे विद्वान पुष्कळ होते. कोसंबींनी वजनाला हात घातला. त्यांचा अंदाज साधा होता. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, तेव्हा जास्त फिरलेले नाणे हलके भरले पाहिजे. शिवाय सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, म्हणून काळ जाईल तशी त्यांच्या वजनांतली आपापसातली तफावतही वाढली पाहिजे. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या चांदीवर हा अंदाज लादण्याआधी, ज्यांचे साल ठाऊक आहे अशा नाण्यांवर तो तपासायला हवा. चालू चलनाची ती तोलाई याचसाठी. अंदाज खोटा ठरण्याची पुरी मुभा तराजूला होती. तो खरा ठरला.

(मी उभी हयात बँकेत काढली. लोहाऱ्याच्या दुकानदाराच्या गल्ल्यातले गुळगुळीत नाणे आणि टांकसाळीतले करकरीत नाणे आम्ही एकाच थैलीत टाकत असू. थैलीत काय दडले आहे, हे आम्हांला कुणी विचारले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही.)

तक्षशिलेच्या नाण्यांत आणखी एक गोष्ट जुळून आली. त्यांच्या मागच्या बाजूस बारीक खुणा असतात. जितक्या खुणा जास्त, तितके सरासरी वजन कमी. म्हणजे अधूनमधून कुणीतरी, बहुधा व्यापारी, नाणे पारखून खूण उमटवीत असावेत. मुक्या चांदीला अशी आधी-नंतरची भाषा मिळाली.

पुढचा प्रश्न आपोआप आला. ही नाणी पाडली कुणी? त्यासाठी प्राचीन ग्रंथ वाचणे आले, म्हणजे संस्कृत आले. भर्तृहरीच्या सुभाषितांची असंख्य हस्तलिखिते ताडून त्यांनी १९४८ साली चिकित्सक आवृत्ती काढली. भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ १९५६ चा. तोवर ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि डेक्कन क्वीनने पुण्याहून ये-जा करीत. सुट्टीत पुण्याभोवतालची माळराने पायी तुडवायची, गारगोटीची बारीक हत्यारे वेचायची, धनगरांना त्यांच्या देवींची ठाणी विचारायची. ही ठाणी, लेणी आणि जुन्या वाटा त्यांनी एकमेकांशी लावून पाहिल्या.

त्यांच्या सगळ्याच निष्कर्षांपुढे मान डोलवावी असे नाही. खुद्द गणितात तर त्यांची मोठी फसगत झाली. अविभाज्य संख्यांबाबतचे रीमान यांचे अनुमान आपण सिद्ध केले, असा दावा त्यांनी १९५९ च्या सुमारास केला; तोही कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकातून! सिद्धता टिकली नाही. चांदीच्या तुकड्याला लावलेली कसोटी या माणसाने आपल्याच कागदाला का लावू नये, हे कोडे मला सुटलेले नाही. त्यांचे नाव त्यामुळे उणावले. अणुशक्तीऐवजी सूर्यशक्तीकडे वळा असे ते उघड सांगत, तेही होमी भाभांच्या संस्थेत राहून. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

मात्र आनुवंशशास्त्रात त्यांनी १९४४ साली मांडलेले सूत्र आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत एका अमेरिकन विज्ञान मासिकात त्यांचा लेख आला होता. विषय होता नाण्यांची झीज.