डॉ. वसंत रामजी खानोलकर
आपल्या बेज्जूरच्या बाजारात धोतर नेसलेले वृद्ध आजही दिसतात. धोतराची गाठ आणि कर्करोग यांचा काही संबंध असेल, हे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. डॉ. खानोलकरांच्या ते ध्यानात आले.

१८९५ साली जन्मलेल्या या संशोधकाने लंडनला विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले व पुढे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची प्रयोगशाळा उभारली. गाठीचा तुकडा काढून त्याचे अतिपातळ काप रंगवावेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी निरखाव्यात, हा तेथला नित्यक्रम. परंतु तेवढ्याने त्यांचे समाधान होत नसे. रोगी काय नेसतो, काय चघळतो, हेही ते पाहत. कमरेशी धोतर वर्षानुवर्षे घट्ट कसल्याने कातडीचा रंग उडतो, ती जाड होते आणि क्वचित तेथेच कर्करोग उद्भवतो, हे त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली जगापुढे मांडले. त्याच निबंधात खैनीचा व चुट्ट्याचाही कर्करोग होता. पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढण्याची ती आंध्रातील विलक्षण रीत!

कुष्ठरोगाचे जंतू त्वचेतील बारीक मज्जातंतूंत आरंभीच शिरतात, हेही त्यांनी सूक्ष्मदर्शकाने दाखविले. चट्टा बधिर का होतो, याचे मर्म त्यात आहे.

१९५५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७८ साली ते निवर्तले.